मथाबाईच्या अंगणाचा दर

जिल्ह्याचं नाव बदललं त्या दिवसांत मला सारखे फोन यायचे. "ताई, साइटवर पत्त्यात अजून अहमदनगरच दिसतंय. तेवढं अहिल्यानगर करून टाका." करून टाकलं. कुणाच्या संपर्काच्या पानावर होतं, कुणाच्या अगदी तळाशी, एका मंगल कार्यालयाच्या साइटवर तर नाव फोटोतच छापलेलं, म्हणजे फोटो नव्याने करायचा. पैशाचा विषय मी एकदाच काढून पाहिला. रोपवाटिका असलेल्या एका काकांना म्हटलं, थोडे द्यावे लागतील. काकांना राग आला नाही. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "अगं, एकच तर शब्द बदलायचाय," ते म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. मी शब्द बदलला आणि स्वयंपाकाला लागले.

मी राहुरीत घरी बसून वेबसाइट बनवते. 'बनवायचे' म्हणणं आता जास्त खरं होईल, कारण मान दुखते, डोळे चुरचुरतात आणि नवी कामं मी जवळपास थांबवली आहेत. जुन्यांची देखभाल तेवढी चालू आहे. लोकांना वाटतं, या कामात ती संगणकाची भाषा अवघड असेल. ती शिकता येते. दर सांगणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, आणि ते पहिल्याच कामापासून जमलं नाही. त्या पहिल्या कामाबद्दल लिहिते.

आधी धंदा काय ते सांगते. माझ्या सासूबाईंना मी असं समजावलं होतं की इंटरनेटवर एक गाळा भाड्याने घ्यायचा, त्याच्यावर नावाची पाटी लावायची आणि आत माल मांडायचा. पाटीवरचं नावही भाड्याचंच असतं. दोन्हींचं भाडं दरवर्षी भरायचं. नाही भरलं तर गाळा रिकामा करतात आणि नाव ज्याला हवं त्याला देऊन टाकतात. माझं काम आतला माल नीट मांडून द्यायचं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दुकान लोकांचं अन् झाडलोट तुझी." इतक्या वर्षांत याहून नेमकं कुणी सांगितलं नाही.

त्याआधी मी गावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होते. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स बनवायचे, लग्नसराईत पत्रिका. मधल्या काळात वेबसाइटचा एक वर्ग केला, आणि धाकटी झाल्यावर दुकान सोडून घरी बसले. मनात होतं की घरून काम करू. पण काम येईना. राहुरीत तेव्हा ज्याला त्याला फ्लेक्स हवा होता, साइट कुणाला नको होती.

पहिलं काम आलं ते किसनकडून. किसन अकोले तालुक्यातला, राजूरच्या वर डोंगरात त्याचं गाव. काही वर्षं तो राहुरीजवळच्या रोपवाटिकेत कामाला होता आणि तिथले फ्लेक्स न्यायला आमच्या दुकानात यायचा. कमी बोलायचा, आणि फ्लेक्स नेताना त्याच्यावरचं प्रत्येक अक्षर वाचून बघायचा. दोनदा त्याने माझ्या चुका पकडून दिल्या होत्या. एक दिवस घरी आला. म्हणाला, "मॅडम, रोपवाटिका सोडली. गावाकडं तंबू लावलेत. तुमी ते इंटरनेटचं शिकलात ना?"

त्यांच्याकडे पावसाच्या तोंडावर झाडांवर काजवे भरतात. एकेक हिरड्याचं, सादड्याचं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लुकलुकत असतं. ते बघायला पुण्या-मुंबईहून माणसं येऊ लागली होती. किसनने भाताच्या खाचरात तंबू टाकले होते, आई जेवण करायची. पण माणसं आणायचे एजंट. "ते मानशी किती घेत्यात ते मला एका गिऱ्हाइकानंच सांगितलं," किसन म्हणाला. "त्यातलं निम्मंबी आमच्या हाताला लागत न्हाई. भाकरी आमची आई थापती, खाचर आमचं, काजवं तर कुनाचंच न्हाईत. मधी एजंट कशाला? आपली साइट असंल तर मानूस थेट आपल्याला फोन करंल. किती घ्याल?"

मी म्हटलं, आधी जागा बघते, मग सांगते. खरं तर मला आकडाच ठाऊक नव्हता.

तो आठवडा मी दर विचारत फिरले. फ्लेक्सच्या दुकानाचे शेठ म्हणाले, "स्क्वेअर फुटावर लाव." त्यांना म्हटलं, साइटला फूट नसतात. "मग तर चांगलंच, म्हणशील ते लाव." ही त्यांची मदत. नवरा विद्यापीठाच्या ऑफिसात कारकून, त्याला ठरलेला पगार. तो म्हणाला, "आधी काम तर होऊ दे. घरबसल्या चार पैसे सुटले तरी काय वाईट आहे?" हे घरबसल्या प्रकरण पुढे आयुष्यभर माझ्या मानगुटीवर बसलं. घरी बसून केलेलं काम म्हणजे भाजी निवडता निवडता केलेलं काम, असा सगळ्यांचा समज, आणि ते स्वस्तच असायला हवं.

पुण्यात कंपनीत असलेल्या मैत्रिणीने मात्र रीतसर शिकवलं. किती तास लागतील ते काढ, तासाचा दर धर, नावाचं आणि जागेचं भाडं त्यात घाल, जाण्यायेण्याचा खर्च घाल, आणि गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा बदल सांगणारच त्याचेही आत्ताच घाल. मी बसून हिशोब केला. बेरीज अठरा हजार आली. आकडा बघून मीच घाबरले. मैत्रीण फोनवर म्हणाली, "घाबरू नकोस. सांगताना नजर खाली घालायची नाही, आणि सांगून झालं की गप्प बसायचं. समोरच्याला बोलू द्यायचं." कणीक मळताना मी ते वाक्य म्हणून बघायचे. अठरा हजार होतील. अठरा होतील, किसनराव. धाकटी माझ्याकडे बघत बसायची.

दुकानाशेजारच्या स्टुडिओतून कॅमेरा मागून घेतला आणि मी निघाले. राहुरी ते संगमनेर, संगमनेरहून अकोले, तिथून राजूर, तिन्ही वेळा एसटी, आणि राजूरपासून पुढे जीप. राजूरचा त्या दिवशी बाजार होता. डोंगरातल्या बायका करवंदं, जांभळं घेऊन बसल्या होत्या. किसन जीपपाशी उभा होता. त्याने माझी पिशवी घेतली आणि त्या दिवसापासून मॅडमची ताई झाली.

त्याचं घर उतारावर, समोर धरणाचं पाणी. अंगण शेणाने सारवलेलं, इतकं स्वच्छ की चप्पल कुठे काढावी कळेना. किसनची आई मथाबाई चुलीपाशी बसली होती. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर गोंदलेलं. तिने मला पाणी दिलं, मग कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "ह्ये कशापायी?"

"मावशी, तुमचे फोटो काढायचेत. लोक बघतील आणि तुमच्याकडे जेवायला येतील."

"मंग भाकर काढ. माझं काय काढतीस?"

मी भाकरीचे काढले, तंबूंचे काढले, पाण्याचे काढले. रात्री तिथेच राहिले, पण काजवे काही माझ्या कॅमेऱ्यात आले नाहीत, नुसता काळोख आला. ते फोटो नंतर एका पाहुण्याकडून मिळवले. पण दुसऱ्या दिवशी मथाबाई नाचणीची भाकरी थापत असताना मी एक फोटो काढला. तिचं लक्ष भाकरीकडे होतं. दाराकडून उजेड येत होता, तिच्या हातांवर पीठ होतं आणि ती कशाला तरी मनातल्या मनात हसत होती. मी पुढे शेकडो साइटींसाठी फोटो काढले आणि काढवून घेतले. तसा फोटो परत मिळाला नाही.

साइटचं नाव किसनने आधीच ठरवलं होतं. मथाबाईचं अंगण. मथाबाई म्हणाली, "माझं नाव कशाला रं? इठ्ठलाचं-बिठ्ठलाचं दे." किसन म्हणाला, "मानसं तुझ्या हातचं खायाला येत्यात."

मग जेवायला बसवलं. गरम भाकरी, वालाची आमटी, वाफाळता भात, त्यावर तूप. मी नको नको म्हणत असताना मथाबाई वाढत होती. हात धुतले, अंगणात बसलो, आणि किसन म्हणाला, "आता सांगा ताई. किती?"

मला मैत्रिणीचं सगळं आठवत होतं. नजर खाली घालायची नाही. मी 'अठरा' म्हणायला तोंड उघडलं. समोर मथाबाई माझं ताट घासत होती. माझ्या तोंडून निघालं, "आठ."

"आठ हजार व्हय?" किसन म्हणाला.

"हो. सगळं धरून."

"ठीक हाय," तो म्हणाला. घासाघीस नाही, काही नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, आमची चांगली ओळख झाल्यावर, त्याने सांगितलं की हिरडा विकून आलेले पंधरा हजार त्याने त्या कामासाठी बाजूला ठेवले होते. "तुमी आठ म्हनलात, मंग मी कशाला बोलू?" त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जेवून झाल्यावर आकडा सांगायचा नाही, एवढा नियम मी तेव्हापासून केला. नियम पाळला तरी आकडा कमीच सांगितला जातो, हे नंतर कळलं.

साइट झाली. मथाबाईचा फोटो पहिल्या पानावर, अगदी वर. आणि ती साइट चालली. किती चालावी? पुढच्या हंगामात किसनचा फोन दुपारी बंद पडायला लागला, इतके फोन. त्याने तंबू वाढवले, न्हाणीघर बांधलं. एजंटांना त्याने नम्रपणे नाही सांगितलं. मला त्याचा अभिमान वाटला आणि माझाही वाटला. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती साइट दाखवायचे.

मग त्या खोऱ्यातले बाकीचे आले. कुणाचा चुलत भाऊ, कुणाचा मेव्हणा. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच. "किसनला आठात केली ना?" मी सांगायचा प्रयत्न केला की ती पहिली होती, ओळखीची होती, आता भाडं वाढलंय. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय ताई. पर आठ." म्हणजे मथाबाईच्या अंगणात माझ्या तोंडून जो आकडा सुटला तो त्या सगळ्या डोंगराचा दर होऊन बसला. नवं काम करणाऱ्यांना मी सांगत असते की पहिल्या गिऱ्हाइकाला जो दर सांगाल तो त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना, गावाला, तालुक्याला सांगताय असं समजा. ते माना हलवतात आणि मग कुणाच्या तरी घरी जेवून येतात.

आणि बदल. तंबू वाढले, आकडा बदला. कोंबडीचा दर वाढला, बदला. "ताई, आमच्याबी साइटवर म्हातारीचा फोटो टाका की." त्या वर्षांत मी त्या खोऱ्यातल्या इतक्या आया-आज्या चुलीपाशी बसवल्या की मलाच कसंतरी व्हायला लागलं. सगळ्याच साइटी सारख्या दिसायच्या. कामाचा कंटाळा म्हणतात तो मला तेव्हा पहिल्यांदा आला. तब्येतीने थकलेली नव्हते, पण संगणक सुरू करताना हात जड व्हायचा.

गर्दी कुठल्या थराला गेलीय ते मला राहुरीत बसून कळत नव्हतं. किसन फोनवर कधी कधी बोलायचा. शनिवारी गाड्यांची रांग लागते. लोक झाडं हलवतात, काजवे बाटलीत भरतात. गाणी लावतात. "सांगितलं तर आयकत न्हाईत, म्हनत्यात पैसे दिलेत." मी म्हणायचे, साइटवर सूचना टाकू. टाकायचे. सूचना कोण वाचतं?

मग एका हंगामात, रविवारी सकाळी, त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना. आदल्या संध्याकाळी मथाबाईला फुरसं जातीचा विषारी साप चावला होता. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा उरली नाही म्हणून कुणीतरी खाचराचा बांध उकरून गाडी आत घातली होती. ती बघायला मथाबाई बांधावरून गेली, आणि उकरलेल्या दगडात पाय पडला. किसनने तिला जीपमध्ये घातलं, पण जीप निघेना. राजूरकडे जाणारा सगळा रस्ता काजवे बघायला आलेल्या गाड्यांनी भरलेला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. काही लोक चांगले होते, उतरून मदत करत होते, पण गाड्या हलवायला जागाच नव्हती. शेवटी गावातल्या पोरांनी घोंगडीची झोळी केली आणि मथाबाईला खांद्यावरून नेलं, गाड्यांच्या कडेकडेने, वळण संपेपर्यंत. पलीकडे दुसरी जीप मिळाली.

"आई हाय," तो म्हणाला. "राजूरला सुया दिल्या. आता नाशिकला आनलीय. हाय अजून." मग म्हणाला, "ताई, त्यातल्या दोन गाड्या आपल्याच बुकिंगच्या हुत्या."

मथाबाई वाचली. पाय मात्र गेल्यासारखाच झाला. काठीने चालते, पण चुलीपाशी उकिडवं बसता येत नाही. भाकरी थापणं बंद झालं.

भात लावून झाल्यावर किसन राहुरीला आला. चहा घेतला. मग म्हणाला, "ताई, साइट बंद करायला किती घेता?"

मला आधी कळलंच नाही. बंद करायचा दर मी कधी ठरवला नव्हता. कुणी विचारलाच नव्हता.

"बंद करून गर्दी कमी होईल असं वाटतं का?" मी विचारलं. "शेजारच्या सगळ्यांच्या साइटी आहेत. तुमचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाईल. गाड्या तेवढ्याच राहतील."

"ठाव हाय मला."

"मग?"

"माझ्या दारातनं न्हाई येनार." त्याने कप खाली ठेवला. "तंबू इकून टाकले. जीप घेतलीय, राजूर ते गाव चालवतो. हंगामात लोकांनी गाड्या राजूरला लावाव्यात अन् गावच्या जीपनी वर यावं, म्हनून बाकीच्यांना सांगतोय. चार जन हो म्हनलेत. बाकीचे बगू म्हनत्यात."

मी त्याला म्हटलं की साइट मी लगेच बंद करते, त्याचं काही घेणार नाही. फक्त नाव ठेवा. नावाचं वर्षाचं भाडं थोडं असतं, ते भरत राहा. म्हणजे नाव तुमच्याकडे राहील. त्याने नकारार्थी मान हलवली. "दुकानच न्हाई तर पाटी कशाला? पैसे न्हाईत असं न्हाई ताई. पर मला ते आता नगं."

तो गेल्यावर मी साइट उतरवली. काम अगदी सोपं असतं. पहिल्या पानावरचा तो फोटो जाताना मी थोडा वेळ बघत बसले. नावाचं भाडं मी माझ्या खिशातून भरावं असं एकदा मनात आलं होतं. पण गिऱ्हाइकाचं भाडं स्वतः भरायचं नाही असं तोवर मी ठरवलं होतं, कारण तसं करता करता एक वर्ष माझंच दिवाळं निघायची वेळ आली होती. आणि किसनने स्पष्ट नाही म्हटलं होतं. मी भरलं नाही.

दुसऱ्या वर्षी, हंगामाच्या आधी, एका गिऱ्हाइकाच्या साइटचं काम करताना मी सहज काजवे शोधले आणि समोर मथाबाई आली. तोच फोटो, तेच पीठ भरलेले हात. वर तेच नाव. खाली धरणाच्या पलीकडचा पत्ता आणि एक फोन नंबर, किसनचा नाही.

भाडं न भरलेलं नाव सुटलं होतं आणि कुणीतरी उचललं होतं. फोटो मिळवणं त्याला अवघड नव्हतं. पाहुण्यांनी तो आपापल्या पानांवर कुठे कुठे लावलेला होताच. मी नंबर फिरवला. तरुण आवाज, पुण्याकडचा, अतिशय गोड.

"नमस्कार, बोला मॅडम, किती जण आहात?"

"मला बुकिंग नकोय. मथाबाईचं अंगण ही साइट तुमची का?"

"हो, आमचीच."

"यातल्या मथाबाई कोण आहेत?"

"तिथल्याच आजी आहेत मॅडम. भाकरी फार सुंदर करतात."

मी त्याला सांगितलं की मी त्या आजींना ओळखते आणि त्या आता भाकरी करत नाहीत. तो घाबरला नाही. "नाव रिकामं होतं मॅडम. कुणी भाडं भरत नव्हतं. मी घेतलं. सगळं नियमात आहे." ते खरं होतं. मी विचारलं, परत हवं असेल तर? तो म्हणाला, "साठ हजार."

मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. सांगून तो गप्प बसला, मला बोलू दिलं. माझ्या मैत्रिणीने शिकवलेलं सगळं या मुलाला कुणी न शिकवता येत होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही, पण त्याआधी मी थक्क झाले.

नाव राहू दे, फोटो तेवढा काढून टाका, असं मी म्हटलं. तुम्ही पाहुण्यांना धरणाच्या पलीकडे उतरवाल, पण काही जण नाव विचारत विचारत तिच्या दारात जातील, आणि ती बाई आजारी आहे. तो फोटो मी काढलेला आहे, वाटलं तर वकिलाकडे जाईन, असंही म्हटलं, उगाच. तो म्हणाला, "एवढंच ना? बदलतो की. त्यात काय मॅडम." आणि संध्याकाळपर्यंत त्याने खरंच बदलला.

हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पुन्हा तीन एसट्या बदलून मी राजूरला गेले. किसनच्या जीपमध्ये पुढे बसले. साठ हजाराचं ऐकून त्याने गिअर बदलला आणि म्हणाला, "आमच्या आईचं नाव आमीच इकत घ्यायचं व्हय? न्हाई ताई. ठिवू दे त्याला."

"लोक येतात का दारात?"

"येत्यात की. मागल्या सुट्टीत दोन कुटुंबं आली. आई म्हनली, उपाशी कसं लावायचं, मंग बायकोनं भात टाकला. जेवली अन् गेली. पैसे देत हुती, आईनं घेतलं न्हाईत."

मथाबाई अंगणात खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघितली. तिने माझ्या मुलींची चौकशी केली, नवऱ्याची केली. मग किसनने सांगून टाकलं, आणि ती म्हणाली, "दावा बगू."

मी फोनवर साइट काढून दिली. वर तिचं नाव. खाली नवा फोटो. चुलीपाशी बसलेली एक म्हातारी, पण आपल्याकडची नव्हे. डोक्यावरून लाल ओढणी, नाकात मोठी नथनी, हातभर पांढरे चुडे, मागे वाळूच्या रंगाची भिंत. कुठल्या तरी लांबच्या मुलखातली, कुणीतरी कधीतरी काढलेली आणि इंटरनेटवर कुणालाही उचलता येईल अशी पडलेली. तीही खाली बघत होती. तिच्याही हातांना पीठ होतं.

किसन म्हणाला, "बघ आई, तुझ्या नावावर ही बसलीय."

मला वाटलं मथाबाई चिडेल किंवा हसेल. तिने फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ घेतला.

"हिला किती दिलं आसंल?" तिने विचारलं.

"काही नाही मावशी. असे फोटो फुकट मिळतात."

"तिला ठावं तरी हाय का, हितं बसिवलीय ती?"

"नसणार."

मला तेव्हा एकदम जाणवलं की त्या पहिल्या कामाच्या हिशोबात मी माझे तास धरले होते, एसटीचं तिकीट धरलं होतं, कॅमेऱ्याचं धरलं होतं, आणि मथाबाईच्या फोटोचं काहीच धरलं नव्हतं. मैत्रिणीनेही सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात ते कुणीच धरत नाही. मी तसं तिला बोलून दाखवायला गेले, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती अजून त्या बाईकडे बघत होती.

"हिचाबी कुनी ल्योक आसंल," ती म्हणाली. "तुमाला हुडकता येती का? सांगाया पायजे तिला. उद्या कुनी तिच्या दारात जाऊन मथाबाई मथाबाई करंल, अन् तिला काय कळायचं न्हाई."

मी म्हटलं, बघते.

घरी येऊन मी शोधायला बसले. फोटोवरून फोटो शोधायची सोय असते. ती बाई मला कितीतरी ठिकाणी सापडली. एका मसाल्याच्या जाहिरातीत, एका हॉटेलच्या पानावर, आजीच्या औषधांच्या एका साइटवर. प्रत्येक ठिकाणी तिला वेगळं नाव होतं. फोटो पहिल्यांदा कुणी टाकला ते अजून कळलेलं नाही. दोघा-तिघा फोटोग्राफरांना मी लिहिलं आहे, एकाचंच उत्तर आलं, की आपला नव्हे. नवरा विचारतो, हे कुणाचं काम चाललंय? मी सांगते, राजूरच्या एका बाईंचं.

किसन अधूनमधून आईला फोन लावून देतो. तब्येतीचं बोलून झालं की मथाबाई विचारते, "सापडली का गं ती?"

"नाही अजून, मावशी. शोधतेय."

"हूं," ती म्हणते. "शोध."